लोकसंख्या कशी वाढते, का घटते आणि म्हातारी का होते?

१५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर पोहोचल्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले. त्याच वर्षी चीनची लोकसंख्या सुमारे सहा दशकांत प्रथमच घटली, आणि पुढच्या वर्षी दक्षिण कोरियातील प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी संख्या, ०.७२ इतका खाली आला. एका बातमीत माणसांची गर्दी वाढत असल्याची चिंता, तर दुसरीत माणसेच उरणार नाहीत अशी भीती. या दोहोंपैकी खरे काय, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. त्या परस्परविरोधी वाटतात, कारण लोकसंख्या हा एकच आकडा आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या आकड्याच्या आत वेगवेगळ्या वयाची माणसे असतात, आणि कोणत्या वयाची माणसे किती आहेत यावरच पुढच्या पन्नास वर्षांचे बरेचसे चित्र ठरते. या मांडणीला वयोरचना म्हणतात. वाढ, घट, वार्धक्य आणि स्थलांतर हे चारही विषय तिच्या आधारे एकत्र समजून घेता येतात.

हिशेब साधा, पण दर फसवे

कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या तीनच कारणांनी बदलते : जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. संपूर्ण पृथ्वीचा विचार केला तर स्थलांतर हिशेबातून गळून पडते आणि केवळ जन्म व मृत्यू उरतात.

हिशेब सोपा असला, तरी तो मांडण्यासाठी वापरले जाणारे दर नीट समजून घ्यावे लागतात. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला होणारे मृत्यू म्हणजे मृत्युदर. जपानमधील मृत्युदर कतारच्या मृत्युदराच्या अनेक पट आहे. यावरून जपानमधील आरोग्यसेवा वाईट आहे असा निष्कर्ष कोणी काढला तर तो साफ चुकेल, कारण जपानी माणसाचे सरासरी आयुर्मान ८४ वर्षांच्या आसपास, म्हणजे जगातील सर्वाधिक आयुर्मानांपैकी एक आहे. जपानमध्ये मृत्यू अधिक होतात, कारण तेथे वृद्ध अधिक आहेत. कतारमध्ये कमी होतात, कारण तेथील बहुसंख्य रहिवासी कामासाठी आलेले तरुण परदेशी आहेत. जन्मदराचेही तसेच आहे. ज्या देशात तरुण स्त्रिया अधिक, तेथे प्रत्येकीला कमी मुले होत असली तरी एकूण जन्म पुष्कळ होतात.

म्हणून अभ्यासक एकूण प्रजनन दर वापरतात. आजच्या वर्षात प्रत्येक वयाच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात मुले होत आहेत, त्याच प्रमाणात एखाद्या स्त्रीला आयुष्यभर मुले होत गेली, तर तिला सरासरी किती मुले होतील, हे तो दर सांगतो. यापुढे या लेखात प्रजनन दर म्हटले की हाच अर्थ घ्यावा.

एवढी माणसे वाढली कशी?

मानवजातीला १०० कोटींचा टप्पा गाठायला एकोणिसाव्या शतकाचा प्रारंभ, म्हणजे सर्वसाधारणपणे १८०४ च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. दुसरे १०० कोटी पुरे व्हायला सव्वाशे वर्षे लागली आणि तो टप्पा १९२७ च्या सुमारास आला. ३०० कोटी १९६० मध्ये, ४०० कोटी १९७४ मध्ये, ५०० कोटी १९८७ मध्ये आणि ६०० कोटी १९९९ च्या आसपास झाले. हा वेग पाहून वाटते की लोकांना पूर्वीपेक्षा अधिक मुले होऊ लागली असावीत. वस्तुस्थिती निराळी आहे. मुले पूर्वीही होत होती, भरपूर होत होती. ती जगत नव्हती.

अठराव्या शतकापूर्वी बहुतेक समाजांत जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी प्रौढ होण्याआधीच दगावत असत. त्या काळी सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होते असे वाचले की पूर्वीची माणसे तिशीतच म्हातारी होऊन मरत, असा अनेकांचा समज होतो. एक मूल जन्मतःच गेले आणि दुसरे साठ वर्षे जगले, तरी त्या दोघांचे सरासरी आयुर्मान तीसच भरते. तिशी ओलांडलेली माणसे तेव्हाही पन्नाशी-साठी गाठत होती. पाळण्यांतले मृत्यू सरासरी खाली ओढत होते.

देवीच्या लसीपासून सुरुवात झाली. पुढे नळाचे शुद्ध पाणी, सांडपाण्याची वेगळी व्यवस्था, सुईणींचे प्रशिक्षण, प्रतिजैविके, आणि जुलाबाने कोमेजणाऱ्या बाळाला वाचवणारे साखर-मिठाचे पाणी अशी साधने एकामागून एक येत गेली. युरोपात या बदलाला दीड-दोनशे वर्षे लागली. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत तो दुसऱ्या महायुद्धानंतर अवघ्या काही दशकांत घडला, कारण औषधे आणि लसी तोवर तयार होत्या. मृत्यू झपाट्याने कमी झाले, पण अधिक मुले होऊ देण्याची सवय एका रात्रीत बदलली नाही. या दोहोंमधल्या अंतरातच लोकसंख्येचा विसाव्या शतकातील स्फोट झाला. १९६० च्या दशकात जगाची लोकसंख्या दरवर्षी दोन टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती. तो वेग इतिहासातील सर्वोच्च होता, आणि तेव्हापासून तो उतरत आला आहे. आज तो एक टक्क्याहूनही कमी आहे.

आधी मृत्यू घटतात, मग काही काळाने जन्म घटतात, आणि शेवटी दोन्ही खालच्या पातळीवर येऊन थांबतात. या क्रमाला लोकसंख्येचे संक्रमण म्हणतात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ थॉमस माल्थस यांनी १७९८ मध्ये मांडले होते की लोकसंख्या अन्नोत्पादनाला मागे टाकत राहणार आणि दुष्काळ, रोग व युद्धे तिला आवर घालणार. त्यांच्या काळापर्यंतच्या इतिहासाला ते बऱ्याच अंशी लागू पडत होते. पण पोट भरल्यावर, मुले जगू लागल्यावर आणि हाती पर्याय आल्यावर माणसे स्वतःहून मुलांची संख्या कमी करतील, ही शक्यता त्यांच्या मांडणीत नव्हती.

लोक मुले कमी का होऊ देतात?

सर्वांत पहिले कारण म्हणजे मुले जगण्याची खात्री. दोन मुले मोठी व्हावीत म्हणून सहा जन्माला घालण्याची गरज संपली की आईवडिलांचा विचार बदलतो. त्याबरोबरच मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढलेले वय, स्त्रियांची मिळकत, शहरातले राहणे आणि संततिनियमनाची साधने ही सारी कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. शेतीवर अवलंबून असलेल्या घरात मूल लवकरच कामाला हात लावते. शहरात तेच मूल वीस-बावीस वर्षे शिकत राहते आणि त्याचा सारा खर्च आईवडिलांवर असतो. यांतील एकच कारण निवडून बाकीची बाजूला सारता येत नाहीत. तरीही मला मुलींच्या शिक्षणाचा धागा सर्वांत भक्कम वाटतो, कारण तो इतर बहुतेक कारणांना स्पर्श करतो : शिकलेली मुलगी उशिरा लग्न करते, तिची बाळे अधिक प्रमाणात जगतात, आणि किती मुले हवीत या निर्णयात तिचा शब्द चालतो.

येथे दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की प्रजनन दर धर्मावर ठरतो. इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या प्रारंभी हा दर सहाच्या वर होता. मुलींची शाळा आणि खेड्यापाड्यांतली आरोग्यकेंद्रे वाढली, कुटुंबनियोजनाला सरकारने पाठबळ दिले, आणि वीस-पंचवीस वर्षांत तो दोनच्या खाली आला. बांगलादेशात १९७० च्या दशकात सातच्या जवळ असलेला दर आज दोनच्या आसपास आहे. कॅथलिक परंपरेच्या इटलीत तो १.२ च्या घरात आहे. धर्माचा काहीच प्रभाव नसतो असे नाही, पण शिक्षण आणि राहणीमान बदलले की सगळ्याच धर्मांचे लोक एकाच दिशेने जातात, हे या उदाहरणांतून दिसते.

दुसरा आक्षेप असा की सक्तीशिवाय हे घडत नाही, आणि त्यासाठी चीनच्या एका अपत्याच्या धोरणाचा दाखला दिला जातो. त्या धोरणाची सुरुवात १९७९-८० मध्ये झाली. पण चीनमधील प्रजनन दर १९७० च्या सुमारास सहाच्या जवळ होता आणि धोरण येण्यापूर्वीच तो तीनच्याही खाली घसरला होता. म्हणजे सर्वांत मोठी घट आधीच झालेली होती. धोरणाने वर काय दिले, तर जबरदस्तीचे गर्भपात, आणि मुलगाच हवा या हट्टापायी बिघडलेले गुणोत्तर : २०१० च्या सुमारास तेथे दर १०० मुलींमागे सुमारे ११८ मुलगे जन्माला येत होते. भारतातही आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या कित्येक दडपणाखाली. त्या अनुभवाने कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमावरचा लोकांचा विश्वास अनेक वर्षांसाठी गमावला गेला. पुढे भारताचा प्रजनन दर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.० वर आला, तो सक्तीशिवाय.

२.१ या आकड्याचे महत्त्व

एका पिढीची जागा दुसऱ्या पिढीने जशीच्या तशी भरून काढायची, तर प्रत्येक स्त्रीमागे किती मुले हवीत? आईवडील दोन, म्हणून मुले दोन, असे उत्तर सुचते. पण ते थोडे कमी पडते. निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्माला येतात, आणि जन्मलेल्या मुलींपैकी काही आई होण्याच्या वयापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून २.१ हा आकडा येतो. त्याला प्रतिस्थापन पातळी म्हणतात. जेथे बालमृत्यू अधिक, तेथे ही पातळीही वर असते.

आता दक्षिण कोरियाचा ०.७२ हा दर पाहू. १०० स्त्रिया आणि १०० पुरुष अशी २०० माणसांची एक पिढी घ्या. ०.७२ या दराने त्यांना ७२ मुले होतील. त्यांत साधारण ३५ मुली असतील. त्या मुलींनाही याच दराने मुले झाली, तर नातवंडे २५ होतील. २०० आजीआजोबा आणि २५ नातवंडे, इतकी ही उतरण तीव्र आहे. २०२४ मध्ये हा दर किंचित वाढून ०.७५ झाला, पण त्याने हिशेब फारसा बदलत नाही.

हा दर वाचताना एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. तो एका वर्षाचे चित्र दाखवतो, कोणा एका स्त्रीचे आयुष्य नाही. समजा, एखाद्या देशातील स्त्रियांनी पहिले मूल अठ्ठाविसाव्या वर्षाऐवजी बत्तिसाव्या वर्षी होऊ द्यायचे ठरवले, पण मुलांची संख्या तीच ठेवली. तर मधली काही वर्षे जन्म कमी होतील आणि प्रजनन दर खाली गेलेला दिसेल. लांबवलेले जन्म होऊ लागले की तो पुन्हा सावरेल. म्हणून एखाद्या वर्षी दर पडला की राष्ट्र नामशेष होणार अशी हाकाटी करणे घाईचे ठरते. दक्षिण कोरियात मात्र मुले होण्याचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांच्या पिढ्यांतही मुलांची सरासरी संख्या उतरलेली दिसते, त्यामुळे तेथील घसरण केवळ लांबणीवर टाकण्याने समजावता येत नाही.

दर दोनवर आला, तरी लोकसंख्या वाढतेच कशी?

वाचकांचा सर्वाधिक गोंधळ होतो तो इथे. भारताचा प्रजनन दर प्रतिस्थापन पातळीच्या खाली गेला आहे, तरी संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार देशाची लोकसंख्या आणखी काही दशके वाढत राहील आणि २०६० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे १७० कोटींवर जाऊन मग उतरू लागेल.

हे समजण्यासाठी दहा इयत्तांची एक शाळा डोळ्यांसमोर आणा. दहा वर्षे पहिलीतले प्रवेश दरवर्षी पाचाने वाढत गेले. त्यामुळे आज दहावीत ५५ मुले आहेत, नववीत ६०, आणि असे करत पहिलीत १००. शाळेचा एकूण पट ७७५ आहे. आता प्रवेश वाढणे थांबले, एवढेच नव्हे तर ते ९० वर उतरून तिथेच स्थिर झाले. पुढच्या वर्षी दहावीतून ५५ मुले बाहेर पडतील आणि पहिलीत ९० येतील. पट ८१० होईल. त्यापुढच्या वर्षी ६० बाहेर, ९० आत, पट ८४०. प्रवेश घटलेले असूनही सलग सात वर्षे पट वाढत राहतो आणि ९१५ पर्यंत जातो. त्यानंतर तो उतरू लागतो. या काळात वरच्या वर्गांत गर्दी होत जाते आणि खालच्या वर्गांत बाके रिकामी होत जातात. शिवाय दुसऱ्या शाळेतून मुले आली किंवा येथून दाखले काढून गेली, तर पट आणखी वेगळा होईल. पण कोणत्या इयत्तेत आली किंवा कोणत्या इयत्तेतून गेली, यावर परिणाम किती वर्षे टिकेल हे ठरेल.

माणसांच्या लोकसंख्येत हेच घडते, फक्त इयत्ता दहाऐवजी शंभर असतात आणि मधल्या इयत्तांतल्या मुलीच पुढच्या प्रवेशांची संख्या ठरवतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खूप मुली जन्मल्या असतील, तर आज प्रत्येकीला दोनच मुले झाली तरी जन्मांची संख्या मोठी राहते. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. तो उलट दिशेनेही तितकाच चिवट असतो. चीनमध्ये आज आई होण्याच्या वयाच्या स्त्रियाच आधीच्या पिढीपेक्षा कमी आहेत. तिथे २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन अपत्यांना परवानगी मिळाली, पण समजा उद्या प्रत्येकीने दोन मुलांचा निर्णय घेतला, तरी घट लगेच थांबणार नाही.

वयोरचनेची ही स्मरणशक्ती किती दीर्घ असते, हे जपानच्या एका वर्षात स्पष्ट दिसते. तेथील साठ वर्षांच्या कालचक्रात एक वर्ष ‘अग्निअश्वा’चे मानले जाते, आणि त्या वर्षी जन्मलेल्या मुली तापट निघतात व नवऱ्याला घातक ठरतात अशी जुनी समजूत आहे. १९६६ हे तसे वर्ष होते. १९६५ मध्ये जपानमध्ये सुमारे १८.२ लाख मुले जन्मली, १९६६ मध्ये १३.६ लाख, आणि १९६७ मध्ये पुन्हा १९.४ लाख. मुलगी नको म्हणून जोडप्यांनी ते एक वर्ष टाळले. जपानच्या वयोरचनेच्या आलेखात त्या वर्षाची खाच आजही स्पष्ट दिसते. ती खाच सहा-सात वर्षांनी पहिलीच्या वर्गांत दिसली, पुढे महाविद्यालयांत, मग नोकरीच्या बाजारात, आणि आता ती साठीत पोहोचली आहे. एका वर्षाच्या समजुतीची खूण ती पिढी संपेपर्यंत पुसली जाणार नाही. १९८९ मध्ये जपानचा प्रजनन दर १.५७ वर, म्हणजे १९६६ च्या १.५८ पेक्षाही खाली गेला, आणि या वेळी त्यामागे कोणतीही समजूत नव्हती. तेव्हा कुठे तेथील धोरणकर्ते खडबडून जागे झाले.

देश म्हातारा होतो म्हणजे काय?

लोक अधिक जगू लागले म्हणून समाज वृद्ध झाला, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. मृत्यू घटण्याच्या पहिल्या टप्प्यात वाचतात ती प्रामुख्याने बाळे, त्यामुळे आयुर्मान वाढूनही समाज आधी तरुण होतो. तो वृद्ध होतो तो जन्म कमी झाल्यावर, कारण पायाच अरुंद होतो आणि वरच्या वयाच्या माणसांचे प्रमाण आपोआप वाढते. वृद्धांचे आयुष्य लांबल्याचा परिणाम त्यावर नंतर चढतो. म्हणून ज्या देशात जन्म जितक्या वेगाने घटले, तितक्याच वेगाने तो देश पुढे वृद्ध होतो. ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जाण्यास फ्रान्सला सुमारे ११५ वर्षे लागली. जपानला त्यासाठी २४ वर्षे पुरली आणि दक्षिण कोरियाला १८ च्या आसपास. निवृत्तिवेतन, रुग्णालये, घरबांधणी, सारे काही हळूहळू बदलण्यासाठी फ्रान्सला चार पिढ्यांचा अवधी मिळाला. आशियातल्या देशांना तो एका पिढीपुरताही मिळाला नाही, आणि भारतासह जे देश आता या वाटेवर आहेत त्यांनाही तो फ्रान्सइतका मिळणार नाही.

वृद्धत्वाच्या आधी एक अनुकूल काळ येतो. मुले कमी झालेली असतात, वृद्ध अजून वाढलेले नसतात, आणि कमावत्या वयाच्या माणसांचे प्रमाण सर्वाधिक असते. याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. दक्षिण कोरिया, तैवान आणि सिंगापूर यांनी हा काळ शाळा आणि कारखाने उभारून सत्कारणी लावला. लाभांश मात्र आपोआप हाती पडत नाही. तरुण आहेत पण काम नाही, किंवा शिकलेल्या स्त्रिया आहेत पण नोकरीत नाहीत, अशी स्थिती असेल तर ती वर्षे निघून जातात आणि पुन्हा येत नाहीत. वयोरचनेच्या साऱ्या विषयात मला सर्वाधिक काळजी वाटते ती याच गोष्टीची.

यावर एक रास्त आक्षेप आहे : ६५ वर्षांच्या माणसाला म्हातारा का म्हणायचे? आजचा पासष्टीचा माणूस शंभर वर्षांपूर्वीच्या त्याच वयाच्या माणसापेक्षा बराच धडधाकट असतो. जर्मनीत १८८९ मध्ये वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा त्यासाठी वय ७० ठेवले होते, आणि तिथवर पोहोचणारे कामगार फार थोडे असत. १९१६ मध्ये ते ६५ वर आणले गेले. तेव्हापासून आयुर्मान कितीतरी वाढले, तरी पासष्टीची रेघ बहुतेकांच्या मनात तशीच राहिली. त्यामुळे निवृत्तीचे वय वाढवणे हा उपायांपैकी एक नक्कीच आहे. पण कार्यालयात बसून काम करणाऱ्याला पासष्टीनंतर जे जमते, ते आयुष्यभर ओझी वाहिलेल्या माणसाला जमत नाही. शिवाय पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांची संख्या वेगाने वाढते आहे, आणि त्यांना दिवसरात्र सोबतीची गरज असते. ही शुश्रूषा जगभर बहुतांशी स्त्रियाच करतात, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा मोबदला त्यांना मिळत नाही. वृद्धांच्या वाढत्या खर्चाचे जे तक्ते प्रसिद्ध होतात, त्यांत हे श्रम कुठेच दिसत नाहीत.

स्थलांतराने प्रश्न सुटेल का?

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणाऱ्या लोकांची संख्या सुमारे ३०.४ कोटी होती. आकडा मोठा आहे, पण तो जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के इतकाच आहे. म्हणजे शंभरातली शहाण्णव माणसे जन्मली त्याच देशात राहतात. जे हलतात, त्यांतले बहुसंख्य देशाची सीमा न ओलांडता खेड्यातून शहरात किंवा एका शहरातून दुसऱ्या शहरात जातात. बहुसंख्य स्थलांतरित थोड्याच अंतरावर जातात, हे भूगोलतज्ज्ञ अर्न्स्ट रॅव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्येच ब्रिटनच्या जनगणनेवरून दाखवले होते. युद्धामुळे घर सोडावे लागलेले लोकही बहुतांशी स्वतःच्या किंवा शेजारच्या देशातच आसरा घेतात.

अत्यंत गरीब माणूस सर्वाधिक स्थलांतर करतो, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. दूर जाण्यासाठी पैसा, माहिती आणि तिकडे ओळखीचे कोणी तरी लागते. त्यामुळे अतिगरीब देशात उत्पन्न थोडे वाढले की परदेशी जाणाऱ्यांची संख्या आधी वाढते, आणि देश बराच सुस्थितीत आल्यावरच ती कमी होते.

स्थलांतरित प्रामुख्याने विशी-तिशीतले असतात, म्हणून स्थलांतर एकाच वेळी दोन देशांची वयोरचना बदलते. बल्गेरियाची लोकसंख्या १९८० च्या दशकाच्या अखेरीस ९० लाखांच्या जवळ होती. २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे ६५ लाख भरली. तरुण पश्चिम युरोपात गेले, आणि त्यांना जी मुले झाली असती ती तिकडे जन्मली. मागे वृद्धांचे प्रमाण वाढले. आयर्लंडमध्ये या प्रक्रियेचे दीर्घ रूप दिसते. १८४१ मध्ये त्या बेटावर सुमारे ८२ लाख माणसे होती. १८४५ पासूनच्या दुष्काळात सुमारे १० लाख मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली, आणि पुढे कित्येक दशके तरुण जातच राहिले. आजही त्या संपूर्ण बेटाची लोकसंख्या १८४१ च्या आकड्यावर पोहोचलेली नाही.

मग वृद्ध होत चाललेल्या देशांनी बाहेरून तरुण आणावेत, हा उपाय कितपत पुरेल? कामगारांची उणीव भरून काढण्यासाठी आणि घट मंद करण्यासाठी त्याचा निश्चित उपयोग होतो, आणि अनेक देशांतली रुग्णालये आज परदेशी परिचारिकांशिवाय चालणार नाहीत. पण वृद्धत्व थोपवण्याची त्याच्याकडून अपेक्षा केली, तर गणित हाताबाहेर जाते. संयुक्त राष्ट्रांनी २००० मध्ये हा हिशेब मांडला होता. प्रत्येक वृद्धामागे कमावत्या वयाच्या माणसांचे तेव्हाचे प्रमाण केवळ स्थलांतराच्या बळावर टिकवायचे, तर दक्षिण कोरियाला २०५० पर्यंत ५०० कोटींहून अधिक माणसे आत घ्यावी लागली असती. त्या वेळी साऱ्या जगाची लोकसंख्याच सुमारे ६१० कोटी होती. कारण उघड आहे : आलेला तरुणही वृद्ध होतो, आणि एका पिढीत त्याच्याही घरात मुलांची संख्या स्थानिकांइतकी कमी होते.

सरकार जन्म वाढवू शकते का?

रुमेनियाने १९६६ मध्ये एका हुकमाने गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. त्या वर्षी २.७ लाख असलेले जन्म पुढच्या वर्षी सुमारे ५.३ लाखांवर गेले. पण लोकांनी छुप्या वाटा शोधल्या आणि पंधरा-सतरा वर्षांत प्रजनन दर जवळपास पूर्वीच्या पातळीवर उतरला. उरले ते असुरक्षित गर्भपात, युरोपातील सर्वाधिक मातामृत्यू, आणि सोडून दिलेल्या मुलांनी भरलेली अनाथालये. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळताच तो हुकूम रद्द झाला.

पैसे देऊन पाहिलेल्या देशांचा अनुभव इतका भीषण नाही, पण तो उत्साहवर्धकही नाही. हंगेरीने मोठ्या कुटुंबांना करसवलती आणि घरासाठी अर्थसाहाय्य दिले. तेथील दर २०११ च्या सुमारे १.२ वरून दशकभरात १.६ च्या जवळ गेला, आणि मग पुन्हा खाली आला. पाळणाघरे, बाळंतपणानंतर नोकरी टिकण्याची हमी, वडिलांना रजा, परवडणारी घरे यांचा परिणाम संथ असला तरी अधिक टिकाऊ दिसतो. अशा सोयींनी लोकांना हवी तेवढी मुले होऊ देणे सोपे होते. ज्यांना मूल नकोच आहे, त्यांचे मत मात्र सवलतींनी बदलत नाही.

माणसे कमी झाली तर चांगलेच नाही का?

पृथ्वीवरचा भार हलका होईल, असा हा युक्तिवाद आहे, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण संवेगामुळे घट फार सावकाश होते, आणि हवामानबदलाचे निर्णय येत्या दोन-तीन दशकांत घ्यायचे आहेत. शिवाय एका श्रीमंत देशातील माणूस गरीब देशातील माणसाच्या कित्येक पट इंधन जाळतो. जेथे मुले सर्वाधिक जन्मतात, तेथे दरडोई उत्सर्जन जगात सर्वांत कमी आहे.

घट सर्वत्र सारखी पसरत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. देशाची लोकसंख्या दहा टक्क्यांनी कमी झाली म्हणजे प्रत्येक गाव दहा टक्क्यांनी विरळ होते असे नाही. राजधानी भरलेलीच राहते आणि दूरची गावे रिकामी होतात. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. गावातली शाळा बंद होते, मग बस बंद होते, मग दवाखाना. आणि पाण्याच्या नळांची व रस्त्यांची देखभाल मात्र उरलेल्या मोजक्या वृद्धांसाठी तितकीच करावी लागते.

पुढचे अंदाज कितपत भरवशाचे?

२०५० मध्ये साठ वर्षांचे असणारे सर्वजण आज जन्मलेले आहेत, म्हणून वृद्धांच्या संख्येचा अंदाज बराच अचूक करता येतो. अनिश्चितता असते ती अजून न जन्मलेल्यांची. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यास सुमारे १,०३० कोटींवर पोहोचून उतरू लागेल. वॉशिंग्टन विद्यापीठाशी संलग्न असलेल्या संशोधकांच्या एका गटाने २०२० मध्ये हाच सर्वोच्च टप्पा २०६४ मध्ये, सुमारे ९७० कोटींवर येईल असे मांडले होते. दोन्ही अंदाजांतला फरक मोठ्या प्रमाणात सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत प्रजनन दर किती वेगाने उतरेल, या एका गृहीतकावर अवलंबून आहे. नायजरमध्ये हा दर आजही सहाच्या आसपास आहे आणि तेथील निम्मी लोकसंख्या सुमारे पंधरा वर्षांच्या आतली आहे. त्या वयाच्या मुलींपैकी किती जणी माध्यमिक शाळेपर्यंत पोहोचतात आणि कितींची त्याआधीच लग्ने होतात, यावर शतकाच्या अखेरचा जगाचा आकडा कोट्यवधींनी मागेपुढे होऊ शकतो.